कीवर्ड निवडताना आकड्याआधी प्रश्न बघा

सायकल दुरुस्तीची माहिती देणारी एक वेबसाइट आहे असं धरू. लिहिणारा जाणकार, म्हणून पानाचं शीर्षक असतं ‘ड्राइव्हट्रेनची देखभाल’. ज्याची सायकल वाटेत अडली आहे तो मात्र मोबाइलवर टाइप करतो, ‘सायकलची चेन सारखी उतरते’. ड्राइव्हट्रेन म्हणजे चेन, गिअर वगैरे भाग, म्हणजे विषय एकच, पण दोघांची गाठच पडत नाही. लोक शोधताना जे शब्द टाइप करतात ते कीवर्ड, आणि ही गाठ घालून देण्यासाठी जी शोधाशोध करायची, तिला कीवर्ड संशोधन म्हणतात.

सर्च इंजिन दरवेळी सगळं इंटरनेट चाळत बसत नाही. त्याने पानं आधीच वाचून सूची करून ठेवलेली असते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, कुठला शब्द कुठकुठल्या पानांवर आहे हे सांगणारी. ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली: जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत सापडतो, तो नेमका दस्तऐवज निवडायला जास्त कामी येतो. ‘सायकल’ हा शब्द असंख्य पानांवर असतो, ‘डिरेलर’ (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) त्या मानाने फार थोड्या. शिवाय नुसतं ‘सायकल’ टाकणाऱ्याला विकत घ्यायची आहे, चित्र हवंय की दुरुस्ती करायची आहे, हे कुणालाच कळत नाही. म्हणून नव्या वेबसाइटने एकशब्दी कीवर्डच्या मागे लागू नये. चार-पाच शब्दांचा शोध कमी वेळा होतो, पण त्यात माणसाची गरज स्पष्ट असते.

सुरुवात कुठल्याही टूलपासून करू नका. आधी लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या: आलेले ईमेल, फोनवरच्या शंका, वेबसाइटच्या स्वतःच्या शोधपट्टीत टाइप झालेलं. त्यातून दहा-पंधरा बीजशब्द, म्हणजे पुढच्या शोधाची सुरुवात करून देणारे शब्द, निघतात. मग खासगी विंडो उघडून, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांची छाप कमी पडेल, एकेक बीजशब्द गूगलमध्ये टाका आणि एंटर न दाबता खाली येणाऱ्या सूचना टिपा. शब्दापुढे ‘का’, ‘कशी’, ‘किती’ जोडून पुन्हा बघा. निकालांच्या पानावर दिसणारे संबंधित प्रश्नही घ्या.

मराठीत इथे जास्तीचं काम आहे. ‘चेन’ आणि ‘साखळी’, ‘सायकलची’ आणि ‘सायकलीची’, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, आणि रोमन लिपीत मराठी टाइप करणारे लोक, हे सगळं यादीत वेगवेगळं नोंदवा. नोंदवायचं ते मोजण्यासाठी. प्रत्येक रूपाचं वेगळं पान करायचं नाही आणि अशुद्ध रूपं मजकुरात कोंबायचीही नाहीत.

आता आकडे. गूगलचा कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो याचा अंदाज देणारं जाहिरातदारांसाठीचं टूल, उघडलात की आधी भाषा आणि ठिकाण तपासा. ते चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला तो सहसा ‘१०० ते १ हजार’, ‘१ हजार ते १० हजार’ असे ढोबळ पट्टे दाखवतो. एकाच पट्ट्यातल्या दोन शब्दांत दहापट फरक असू शकतो. मासिक आकडा सरासरीचा असतो, त्यामुळे हंगामी विषयात तो फसवतो. त्यासाठी शोधांचा काळानुसार चढउतार दाखवणारं गूगल ट्रेंड्स बघावं. पण तिथला ० ते १०० हा आकडा सापेक्ष आहे, शोधांची संख्या नव्हे. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो प्लॅनरमधल्या ‘स्पर्धा’ या रकान्याचा. त्यात जाहिरातदारांची चुरस मोजलेली असते. नेहमीच्या निकालांत वर येणं किती अवघड आहे, याच्याशी तिचा संबंध नाही.

टूलमध्ये शून्य दिसतं म्हणून शब्द टाकून देऊ नका. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच झालेले नसतात, असं गूगलच सांगतं. असे शोध कुठल्याच यादीत सापडणार नाहीत.

खरी परीक्षा आकड्यांची नाहीच, ती निकालांच्या पानावर होते. २००२ साली आंद्रेई ब्रोडर यांनी वेबवरच्या शोधांमागचे हेतू तीन गटांत मांडले: ठरावीक साइटवर पोचणं, माहिती मिळवणं, आणि खरेदी किंवा डाउनलोडसारखं काही काम उरकणं. आपल्या शब्दामागे यातला कुठला हेतू आहे? तो शब्द शोधून पहिले दहा निकाल उघडा. दहापैकी आठ दुकानांची पानं असतील, तर तिथे तुमचा लेख कितीही उत्तम असला तरी वर येणं कठीण. सगळे व्हिडिओच असतील, तर लोकांना कृती डोळ्यांनी बघायची आहे. जुने, अर्धवट किंवा प्रश्नाला बगल देणारे निकाल दिसले, की ती तुमची जागा.

‘चेन उतरते’ आणि ‘चेन निसटते’ यांचं एक पान करावं की दोन? दोन्ही शोधून पहिले दहा निकाल शेजारीशेजारी ठेवा. निम्मे किंवा जास्त निकाल सारखे असतील तर पान एकच पुरे, कारण सर्च इंजिनच्या लेखी प्रश्न एकच आहे. २०१९ मध्ये गूगलने शोधात बर्ट हे भाषा-मॉडेल आणलं. तेव्हापासून वाक्यातल्या शब्दांचे परस्परसंबंध गूगलला आणखी चांगले उमगतात.

निवडलेला शब्द शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि जमेल तर एखाद्या उपशीर्षकात सहज बसला की झालं. शंभर शब्दांत तो किती वेळा यावा याचं प्रमाण मोजू नका. शब्दांची भरताड गूगलच्या नियमांत स्पॅम ठरते. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) भरण्यात तर वेळ घालवूच नका, क्रम लावताना आपण तो वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

दोन-तीन महिन्यांनी सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे सांगणारं गूगलचं टूल, उघडा. तिथे १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, म्हणून ओळींची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. त्यात बिघाड काही नाही. इंप्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं तो आकडा) भरपूर आणि निकालांतलं सरासरी स्थान ८ ते २० असलेले शब्द आधी हाती घ्या. तिथे शीर्षक त्या शब्दांत लिहिणं आणि राहून गेलेलं उत्तर घालणं, एवढ्यानेही पान वर सरकू शकतं. एकाच शोधासाठी तुमची दोन पानं आलटूनपालटून दिसत असतील आणि दोन्ही खालीच रेंगाळत असतील, तर त्यांचा मजकूर चांगल्या पानात एकत्र करा आणि दुसऱ्याचा पत्ता ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे कायमस्वरूपी, तिकडे वळवा.