सँडिंग आणि स्क्रीनिंग: ओकच्या जमिनीची दोन वेगळी कामे

आपल्याकडे सुतार जुन्या कपाटाला ‘पॉलिश मारतो’, तेव्हा जुना थर घासणे, गरज पडल्यास लाकूड उघडे करणे आणि नवा हात देणे ही सगळी कामे त्या एका शब्दात सामावलेली असतात. चपड्याच्या पॉलिशला ते चालूनही जाते, कारण चपडा म्हणजे लाखच, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. नव्या हातातले स्पिरिट जुना थर किंचित सैल करते आणि दोन्ही थर एकजीव होतात. न्यू जर्सीत जुने घर घेणारे मराठी कुटुंब हाच शब्द मनात धरून तिथल्या ओक लाकडाच्या जमिनीकडे पाहते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. त्या जमिनीवर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक वॉर्निशचा, थर असतो. तो एकदा पक्का वाळला की नव्या थराने विरघळत नाही, त्यामुळे नव्याने जुन्याला धरून राहावे यासाठी जुन्यावर बारीक ओरखडे पाडावे लागतात. एवढेच करणे म्हणजे स्क्रीनिंग. सगळा थर काढून खालचे लाकूडही थोडे घासून काढणे म्हणजे सँडिंग. दोन्हींत यंत्र फिरते, धूळ उडते आणि शेवटी जमीन चकाकते, म्हणून पाहणाऱ्याला ती एकाच कामाची महाग आणि स्वस्त रूपे वाटतात.

सँडिंगचा हिशेब लाकडाच्या जाडीपासून करावा लागतो. या घरांतल्या ओकच्या पट्ट्या साधारणपणे सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर, जाड असतात. एका पट्टीची जीभ शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसवलेली असते आणि खिळे त्या जिभेतूनच तिरके ठोकलेले असल्यामुळे वरून दिसत नाहीत. साहजिकच घासायला १९ मिलिमीटर मिळत नाहीत; जिभेच्या वरचे सुमारे ६ मिलिमीटर हीच काय ती पुंजी, आणि दर सँडिंगला त्यातले अर्धा ते पाऊण मिलिमीटर खर्ची पडते. नवख्या हातून त्याहून जास्त जाते. पट्ट्यांच्या फटींत खिळ्यांची डोकी दिसू लागली, तर ही पुंजी संपली असे समजावे.

ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवर घासकागद गुंडाळलेले यंत्र, भाड्याने मिळतो, पण तो चालवणे भाड्याइतके सोपे नाही. ड्रम जमिनीला टेकलेला असताना माणूस क्षणभर जरी थांबला, तरी तिथे वाटीसारखा खळगा पडतो. म्हणून आधी चालायला लागायचे, मग ड्रम टेकवायचा आणि थांबण्यापूर्वी उचलायचा. घासकागद ३६ किंवा ४० नंबरापासून सुरू करून ६०, ८० आणि १०० असे चढत जावे लागते, कारण मधला नंबर गाळला की आधीच्या जाड कागदाच्या रेघा पुढच्या बारीक कागदाने निघत नाहीत. भिंतीलगत वापरायच्या छोट्या यंत्राच्या गोल रेघा कोऱ्या लाकडावर सहसा नजरेत येत नाहीत आणि पहिला हात बसला की ठळक उमटतात. आमच्या जेवणाच्या खोलीत त्या अजूनही आहेत. वरून टेबल आले, एवढेच समाधान.

स्क्रीनिंग त्या मानाने सौम्य काम आहे. बफर नावाच्या यंत्राच्या गोल तबकडीखाली १२० किंवा १५० नंबरची घासणारी जाळी लावून ती जमिनीवर फिरवली की पांढरी पूड पडते. ही पूड जुन्या पॉलियुरेथेनची असते. तिला लाकडी भुशाचा रंग येऊ लागला, तर जाळी थर भेदून ओकपर्यंत पोचली असे समजून हात आवरावा. धूळ नीट टिपून त्याच दिवशी नवा हात देता येतो, तर सँडिंगमध्ये घासणे, दोन-तीन हात आणि वाळण्याचा वेळ धरून खोली तीन ते पाच दिवस अडकते.

मात्र थराखाली जे गेले आहे, त्याला स्क्रीनिंग स्पर्श करत नाही. कुंडीखाली पाणी मुरून पडलेला काळा डाग हा बहुधा ओकमधले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाचा असतो आणि तो लाकडाच्या आत असतो. गालिचा उचलल्यावर दिसणारा वेगळ्या रंगाचा चौकोनही नव्या हाताने झाकला जात नाही. निदान करायचे असेल तर वर्दळीच्या वाटेवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: थेंब मणी होऊन राहिला तर थर शाबूत आहे आणि स्क्रीनिंग पुरेल, काही मिनिटांत तो मुरून लाकूड काळसर झाले, तर त्या जागी थर उरलेला नाही.

थेंब टिकला तरी एक अडचण राहते आणि ती मराठी घरात हमखास भेटते. देवघरासमोर समईचे तेल सांडत आलेले असते, इतरत्र चकाकीसाठी मेणाचा द्रव पुसलेला असतो, आणि अशा पृष्ठभागावर नवा हात धरत नाही. काही दिवसांत त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून कोपऱ्यात तळहाताएवढी जागा स्वच्छ करून घासावी, तिथे हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर नाण्याने खरवडून पाहावे. पापुद्रा सुटला तर सँडिंगला पर्याय उरत नाही.

सँडिंग ठरलेच, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. घर १९७८ पूर्वीचे असेल आणि जमिनीवर किंवा कडेला जुना रंग असेल, तर यंत्र लावण्याआधी शिशाची तपासणी करून घ्यावी, कारण घरगुती रंगांतल्या शिशावर अमेरिकेत त्या वर्षी बंदी आली. आणि यंत्राची धुळीची पिशवी रात्री घरात ठेवू नये. जुन्या थराची पूड मिसळलेला भुसा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, म्हणून ती संध्याकाळीच बाहेर, भिंतीपासून दूर, रिकामी करावी.