अफ्लाटॉक्सिन

भुईमूग, मका, सरकी, सुकी मिरची अशा शेतमालावर वाढणाऱ्या बुरशीचे विष. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी ते प्रामुख्याने तयार करतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. कारण सापडेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष सापडले. अतिनील प्रकाशात त्याचे बी प्रकार निळे आणि जी प्रकार हिरवे चमकतात. बी१ सर्वांत घातक. यकृत या विषाचा निचरा करू पाहते, पण त्याच खटपटीत विषाचे अधिक आक्रमक रूप तयार होते आणि ते पेशीतल्या डीएनएला चिकटते. ‘हिपॅटायटिस बी’ची लागण असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे कित्येक पटींनी वाढतो.

मोठी मात्रा एकदम पोटात गेली तर कर्करोगापर्यंत वेळच येत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात अवकाळी पावसाने मका भिजला, बुरसला. आदिवासी कुटुंबांकडे दुसरे धान्य नव्हते, त्यांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरले. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. त्याच घरांतले उष्टे खाणारे कुत्रेही आजारी पडले. या विषाला गरिबीपासून वेगळे काढून समजून घेताच येत नाही: खराब धान्य टाकून देण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. चीनमधील छीतोंग भागात १९८०च्या दशकात लोक मक्याऐवजी भात खाऊ लागले आणि पुढे तिथले यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले.

भुईमुगात सुरुवात जमिनीतच होते. शेंगा भरताना पावसाने ताण दिला की बुरशीला वाट मिळते. काढणीनंतर वेल ढीग मारून ठेवले किंवा शेंगा नीट वाळल्या नाहीत, तर पोत्यात ती फोफावते. शेंग वाजवून पाहायची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची: दाणा आत खुळखुळला तर शेंग वाळलेली.

रोज कूट लागणाऱ्या मराठी स्वयंपाकघरात दाणे निवडणे हा साधा पण खरा उपाय आहे. सुरकुतलेला, काळवंडलेला, फोलपट सुटून आत पिवळट पडलेला, चवीला कडवट दाणा वेगळा काढावा, कारण विष बहुतेकदा अशाच थोड्या दाण्यांत साचलेले असते. मात्र दिसायला चांगला दाणा निर्धोक असेलच असे नाही. भाजल्याने विष काहीसे कमी होते, नाहीसे होत नाही. खमंग वास तर बुरसटपणा झाकूनच टाकतो.

प्रश्न उरतो तो बाजूला काढलेल्या मालाचा. तो घाण्यावर गेला तर विषाचा काही भाग तेलात उतरतो. रिफाइंड तेलात ते जवळपास राहत नाही, पण न गाळलेल्या तेलात राहू शकते. बरेचसे विष पेंडीत जाते. ती पेंड गाई-म्हशींनी खाल्ली की बी१चे ‘एम१’ हे दुसरे रूप होऊन दुधात उतरते, आणि दूध उकळल्याने ते जात नाही. दुधातील एम१साठी भारतात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. युरोपीय संघात ती ०.०५ आहे.