विनंती आणि बंदी यांच्या मध्ये: अमेरिकी दुकानांतील उघड्या बंदुकीची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडातील एका अपील न्यायालयाने, उघडपणे बंदूक बाळगण्यावर त्या राज्यात १९८७ पासून असलेली बंदी घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर पब्लिक्स या तिथल्या सर्वांत मोठ्या किराणा साखळीने आपण राज्याचा कायदा पाळतो, एवढेच सांगितले. याचा अर्थ असा की, कमरेला पिस्तूल लावून भाजी घ्यायला येणाऱ्याला दुकान अडवणार नव्हते. याच कंपनीने २०१९ मध्ये, पोलिसांखेरीज कोणीही दुकानात उघडपणे शस्त्र आणू नये, अशी विनंती केली होती. एकदा विनंती आणि एकदा कायद्याकडे बोट, ही अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या साखळ्यांची गेल्या पंधरा वर्षांतली रीत आहे आणि तिची मुळे कायद्याच्या रचनेत आहेत.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगताच येत नाही, त्यामुळे हा प्रश्न सहसा दुकानाच्या दारापर्यंत पोचत नाही. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती सरकारला बांधून ठेवते, खासगी दुकानदाराला नव्हे; आपल्या जागेत बंदूक नको, असे म्हणण्याचा अधिकार मालकाला असतो. मात्र तो बजावायचा कसा, हे प्रत्येक राज्य वेगळे ठरवते. काही राज्यांत दारावरच्या फलकालाच कायद्याचे बळ आहे, तर काही राज्यांत फलक ओलांडणे हा गुन्हा नसून, बाहेर जा असे तोंडाने सांगितल्यावरही न जाणे हा गुन्हा ठरतो. टेक्सासमध्ये तर उघड्या पिस्तुलाला मनाई करणाऱ्या फलकाचा मजकूरही कायद्यानेच ठरवून दिलेला आहे: तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, अक्षरे किमान एक इंच उंचीची हवीत आणि रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारे हवेत. ‘बंदुका आणू नयेत’ असा साधा कागद काचेवर चिकटवल्याने ही अट पूर्ण होत नाही.

हा वाद दुकानांत शिरला तो २०१० च्या सुमारास, कॅलिफोर्नियात. गोळ्या भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगण्यावर तिथे १९६७ पासूनच बंदी होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते सशस्त्र फिरू लागल्यानंतर तो कायदा झाला होता. रिकामे पिस्तूल कमरेला लावणे मात्र चालत असे, आणि या मोकळीकीच्या आधारे बंदूक-हक्क समर्थक कॉफीच्या दुकानांत जमू लागले. स्टारबक्सने स्थानिक कायदा पाळण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा समर्थकांनी त्याचा अर्थ पाठिंबा असा घेतला. २०१२ च्या आरंभी कॅलिफोर्नियाने ही मोकळीकही काढून घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कनेक्टिकटमधील न्यूटाउनच्या शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले आणि वातावरण बदलले. पुढच्या ऑगस्टमध्ये समर्थकांनी स्टारबक्सचे आभार मानण्याचा दिवस पाळला, त्या वेळी कंपनीला न्यूटाउनमधले आपले दुकान लवकर बंद करावे लागले.

सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी उघडे पत्र लिहून ग्राहकांना बंदुका न आणण्याची विनंती केली आणि ही बंदी नाही, हेही त्यातच स्पष्ट केले. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे होते की, बंदी घातली तर ती अमलात आणण्यासाठी कर्मचाऱ्यांना सशस्त्र ग्राहकासमोर उभे राहावे लागेल. हे कारण खरे आहे आणि म्हणूनच त्याचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. पण विनंती धुडकावून कोणी आत आला तर गल्ल्यावरच्या मुलीने काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. पुढे जवळजवळ प्रत्येक कंपनीने हाच नमुना उचलला.

२०१४ मध्ये वादाचे केंद्र टेक्सासकडे सरकले. तिथे पिस्तूल उघडपणे बाळगता येत नसे, रायफल मात्र चालत असे. म्हणून पिस्तुलाचा हक्क मागणारे कार्यकर्ते रायफली खांद्याला अडकवून उपाहारगृहांत आणि दुकानांत जाऊ लागले. हे दृश्य इतके खटकणारे होते की खुद्द नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूक-हक्कांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या संघटनेनेही आधी त्यावर टीका केली आणि काही दिवसांत ती मागे घेतली. बंदुकांवर नियंत्रण मागणाऱ्या मातांच्या संघटनांच्या दबावानंतर टार्गेट या दुकानसाखळीने जुलैमध्ये बंदुका न आणण्याची विनंती जाहीर केली, तर क्रोगर या किराणा साखळीने तसे करायला नकार दिला. त्यांचेही म्हणणे कर्मचाऱ्यांना सशस्त्र ग्राहकासमोर उभे करायचे नाही, असेच होते. म्हणजे एकाच भीतीतून स्टारबक्स आणि क्रोगर दोन उलट निष्कर्षांवर आल्या होत्या. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगण्याची मुभा मिळाली.

३ ऑगस्ट २०१९ रोजी एल पासो येथील वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर पाचच दिवसांनी मिझुरी राज्यातील स्प्रिंगफील्डच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण चिलखती जाकीट घालून, रायफल घेऊन, फोनवर चित्रण करत फिरू लागला. व्यवस्थापकाने आगीचा भोंगा वाजवून दुकान रिकामे करवले. दुकान आपला हक्क मानते का, हे पाहायचे होते, असे त्या तरुणाने तपासात सांगितले. राज्यात उघडे शस्त्र कायदेशीर आणि दुकानाचे धोरण मोघम, अशा वेळी समोरचा माणूस हक्क तपासायला आला आहे की मारायला, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्या व्यवस्थापकाकडे नव्हते.

३ सप्टेंबरला वॉलमार्टने विनंती जाहीर केली, त्याच दिवशी क्रोगरनेही केली आणि काही दिवसांत वॉलग्रीन्स आणि सीव्हीएस या औषध-दुकानांच्या साखळ्या, तसेच पब्लिक्स त्यांच्या मागोमाग आले. वॉलमार्टने परवान्याने लपवून बाळगलेल्या शस्त्राला हात लावला नाही आणि ग्राहकाशी संघर्ष टाळण्याचे धोरण राहील, असेही सांगितले. ही सावधगिरी समजण्यासारखी असली, तरी नियमाचा अर्थ त्या त्या वेळी लावण्याचा भार सर्वांत कमी पगाराच्या माणसावर पडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केल्यावर न्यूयॉर्क आणि हवाई यांनी वेगळा मार्ग धरला: मालकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागेतही बंदूक नेणे बेकायदा. या रचनेत दुकानदाराचे मौन हाच नकार ठरतो आणि विनंतीचे फलक लावण्याची गरज उरत नाही. बंदूक-हक्क समर्थकांनी याला लगेच आव्हान दिले आणि हवाईच्या कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.