टाचणी, दशा आणि एडिनबराचा माळी

शाळेच्या पुस्तकातलं फुलाचं चित्र आठवा. मधोमध स्त्रीकेसर, भोवती पुंकेसर, सगळं एकाच छपराखाली. त्या चित्रामुळे एक गैरसमज पक्का बसतो: पराग हाताशी असताना फूल बाहेरून कशाला मागवेल? स्वतःचंच वापरेल की! पुष्कळ वनस्पती तसं करतातही. पण काही जातींनी ते होऊ नये म्हणून केवढी खटपट केली आहे, ते पाहायचं तर युरोपच्या कुरणांत फुलणारी प्रिम्युला बघावी.

प्रिम्युलाच्या एका झाडावर सगळी फुलं एकाच घडणीची असतात, पण शेजारच्या झाडावर घडण उलटी असू शकते. पहिल्या प्रकारात कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, लांब असतो. त्याची गोल कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, पाकळ्यांच्या नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखी दिसते आणि पुंकेसर खाली, नळीच्या मध्यावर दडलेले असतात. दुसऱ्या प्रकारात वर पुंकेसरांचा झुबका आणि कुक्षी निम्म्या उंचीवर. इंग्रज माळी पहिल्याला ‘टाचणी’ म्हणत, दुसऱ्याला विणकराकडे मागाच्या टोकाला उरणाऱ्या सुतांवरून नाव पडलं. आपल्याकडे कापडाच्या टोकाच्या अशा सुतांना दशा म्हणतात, तोच शब्द इथे वापरू.

माळ्यांना हा फरक ठाऊक होता, पण तो कशासाठी, हे चार्ल्स डार्विनने १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेपुढे मांडलं. मधमाशीने टाचणी फुलात सोंड घातली की तिथले खालचे पराग सोंडेच्या टोकाकडच्या भागाला चिकटतात. ती दशा फुलावर गेली की तोच भाग नेमका तिथल्या खालच्या कुक्षीला लागतो. दशाचे पराग सोंडेच्या मुळाशी बसतात आणि टाचणीच्या उंच कुक्षीला पोचतात. उंचीला उंची जुळते. शिवाय उंची चुकून पराग आपल्याच प्रकाराच्या कुक्षीवर पडले, तरी बी फार कमी धरतं. दोन प्रकारांमधल्या संकराला डार्विन रीतसर विवाह म्हणे, एकाच प्रकारातल्याला बेकायदेशीर.

याच सुमारास, नोव्हेंबर १८६२ मध्ये, डार्विनला एडिनबराहून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. जॉन स्कॉट, तिथल्या वनस्पती उद्यानात रोपवाटिकेचा प्रमुख माळी. पत्राचा विषय: तुमच्या नव्या ऑर्किडच्या पुस्तकात चूक आहे. अ‍ॅक्रोपेरा नावाच्या ऑर्किडची फुलं फक्त नर असतात, असं डार्विनने छापलं होतं. स्कॉटचा अनुभव वेगळा होता. पुढे त्याने अ‍ॅक्रोपेराच्या एका बोंडात ३,७१,२५० बिया असल्याचा हिशेब केला, आणि तो डार्विनने पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला.

डार्विनने चूक मान्य केली आणि या माळ्याला प्रयोग सुचवत राहिला. सल्ले मोलाचे होते. जून १८६३ च्या पत्रातला एक तर आजच्या संशोधक विद्यार्थ्यांनीही टेबलावर लावावा: निरीक्षण करताना सिद्धांताला वाट दाखवू दे, पण नाव होईपर्यंत सिद्धांत छापायला हात आखडता घे, नाहीतर लोक तुझ्या निरीक्षणांवरच शंका घेतील.

स्कॉटचं प्रिम्युलावरचं काम कंटाळवाणं होतं. प्रत्येक जातीत चार संकर करायचे: टाचणीवर दशाचे पराग, दशावर टाचणीचे, आणि दोन्हींवर आपापल्या प्रकारचे. मादी म्हणून वापरायच्या फुलाचे परागकोश कळी उमलण्याआधीच चिमट्याने काढायचे, झाडावर जाळी घालायची, पराग लावलेल्या फुलाला खुणेचा दोरा बांधायचा, आणि बोंड पिकल्यावर एकेक बी मोजायचं. चुका होतात त्या ठरलेल्या. जाळीतून माशी जात नाही, पण फुलकिडे आरामात जातात आणि अंगावरून पराग नेतात. मग ‘बेकायदेशीर’ रकान्यात भलत्याच बिया दिसू लागतात.

त्याने रानातली झाडंही मोजली. एडिनबराजवळच्या १०० प्रिमरोझपैकी (ही प्रिम्युलाचीच एक जात) ४४ टाचण्या, ५६ दशा. डार्विनच्या केंटमधल्या ७९ मध्ये ३९ आणि ४०. नाणं शंभरदा उडवलं तर ४४-५६ अगदी सहज पडेल, म्हणजे खरं प्रमाण निम्मं-निम्मं. तसं का, हे दोघांनाही सांगता येत नव्हतं. आनुवंशिकतेचे नियम दाखवणारा मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ चा, आणि तोही पुढे ३४ वर्षं धूळ खात पडला.

आज उत्तर ठाऊक आहे. दशा झाडात गुणसूत्राचा एक छोटा तुकडा असतो, त्यात पाच जनुकं. टाचणी झाडात तो तुकडाच नसतो. दशाच्याही जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर तो असतो, म्हणून रीतसर संकरातून निम्मी संतती दशा, निम्मी टाचणी. पाचांतलं एक जनुक ब्रासिनोस्टेरॉइड हे वाढीचं संप्रेरक कुक्षीवृंतात मोडून टाकतं, म्हणून तो आखूड राहतो. दुसरं पुंकेसरांना नळीत वर चढवतं. अशा तुकड्याला ‘सुपरजीन’ म्हणतात. नावावर जाऊ नका, त्यात सुपरमॅनसारखं काही नाही. एकत्र वारशाने जाणारी शेजारी जनुकं, एवढंच.

आता स्कॉटचा सर्वांत सुंदर नमुना: तांबड्या काउस्लिपची (हीही प्रिम्युलाचीच जात) अशी झाडं, ज्यांच्या फुलांत कुक्षी आणि पुंकेसर एकाच उंचीवर होते. ती स्वतःच्याच परागांनी भरपूर बी धरत. निसर्गात अशी फुलं बहुधा दशा झाडातलं ते कुक्षीवृंत आखूड ठेवणारं जनुक बिघडलं की तयार होतात. कुक्षी टाचणीसारखी वर येते, पराग मात्र दशाचेच राहतात. म्हणजे एकाच फुलात रीतसर विवाह!

असला प्रकार घरीही बघता येतो. नर्सरीतल्या पेंटासच्या कुंड्यांमध्ये टाचणी-दशा शोधा. पण एका झाडाच्या छाटांपासून केलेल्या सगळ्या कुंड्या एकाच प्रकारच्या निघतील. जुन्या तळ्यांत तरंगणारी कुमुदिनीही दोन रूपांची. जलपर्णीत तर तीन असतात.

स्कॉटचा प्रिम्युलावरचा निबंध डार्विनने फेब्रुवारी १८६४ मध्ये लिनियन सोसायटीपुढे आणवला. त्याच वर्षी स्कॉटने एडिनबरा सोडलं. डार्विनने त्याचा हिंदुस्थानचा प्रवासखर्च दिला, आणि १८६५ पासून तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात क्युरेटर झाला. पत्रं चालूच राहिली. भावना चेहऱ्यावर कशा उमटतात याविषयी डार्विनने जगभर प्रश्न पाठवले, तेव्हा स्कॉटने झाडांच्या आडून पाहिलेलं एक दृश्य कळवलं. बागेतल्या एका माळ्याची बायको, ‘नागपूरची धनगर’, मरणाच्या दारातल्या बाळाला घेऊन बसली होती. भुवयांची आतली टोकं वर, कपाळावर मधोमध सुरकुत्या, ओठांचे कोपरे खाली. आपल्याला लगेच विदर्भ आठवतो, पण त्या काळच्या कलकत्त्यात ‘धांगर’ म्हणजे छोटा नागपूरहून आलेले उरांव आदिवासी मजूर. तीही बहुधा तिथलीच. स्कॉट आडोशामागून पुढे येऊन बोलला, तेव्हा ती दचकली, धाय मोकलून रडली आणि बाळाला बरं करा म्हणून विनवू लागली. डार्विनने हे १८७२ च्या पुस्तकात दिलं आहे.

स्कॉट १८८० मध्ये वारला. पुढच्या वर्षी डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक आलं, त्यातही कलकत्त्याच्या गांडुळांविषयीची काही निरीक्षणं त्याच्याच नावावर आहेत.