चार मेगापिक्सेलचा उंबरठा

माहीम कॉजवेवरून जाताना दिसणारं चाळीस बाय वीस फुटांचं होर्डिंग आणि हातात धरलेलं मासिकाचं एक पान, यांपैकी जास्त पिक्सेल कशाला लागतात? होर्डिंगला, असंच कुणालाही वाटेल. हिशेब मात्र उलटा निघतो.

सर्वसाधारण नजरेच्या माणसाला अंशाच्या साधारण साठाव्या भागापेक्षा कमी कोनात असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. मासिक आपण फूटभर अंतरावर धरतो. तेवढ्या अंतरावर हा कोन भरतो जेमतेम ०.०९ मिलिमीटर, म्हणजे एका इंचात २८५ च्या आसपास ठिपके. छपाईवाले '३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) फाइल द्या' म्हणतात, तो आकडा डोळ्याच्या या मर्यादेला जवळजवळ टेकलेला आहे. त्या हिशेबाने ए-फोर पानाला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेल हवेत. होर्डिंग आपण वीस मीटरवरून पाहतो असं धरलं, तर तोच कोन तिथे जवळपास सहा मिलिमीटर भरतो. मग अख्ख्या होर्डिंगला बावीस लाख पिक्सेल पुरतात, पानाचा चौथा हिस्सा! प्रत्यक्षात छापणारे थोडे जास्त मागतात, पण फोटो किती मोठा हवा हे आधी बघणाऱ्याच्या अंतरावर ठरतं.

ऑनलाइन फोटो विकणाऱ्या संस्थांना हे अंतर माहीत नसतं. तुमचा फोटो मोबाइलवरच्या जाहिरातीत जाईल की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, कोण सांगणार? म्हणून त्या एक उंबरठा घालून देतात. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक किमान ४ मेगापिक्सेल, म्हणजे ४० लाख पिक्सेल मागतात. ३०० डीपीआयने छापलं तर त्यात साधारण आठ बाय साडेपाच इंच, म्हणजे मासिकाचं अर्धं पान भागतं. अलामी मेगापिक्सेलऐवजी १७ एमबीची अट घालते आणि तिथे खूप जण गोंधळतात. ही जेपेगची साइझ नव्हे, फाइल उघडल्यावर मेमरीत होणारी साइझ आहे. दर पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. म्हणजे जवळपास ६ मेगापिक्सेलचा फोटो झाला. डिस्कवर तो तीन-चार एमबीचाच दिसला तरी चालतो.

दुसरा गोंधळ त्या डीपीआयचाच. फाइलमध्ये ७२ लिहिलंय म्हणून फोटो कमी दर्जाचा आणि ३०० केलं की चांगला, असा समज सर्रास आढळतो. ती केवळ फाइलवर चिकटवलेली सूचना असते. पिक्सेल जेवढे होते तेवढेच राहतात.

मग ५० मेगापिक्सेलचा फोन असला की चिंता मिटली? इथेच खरी गोष्ट सुरू होते. सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच्या, प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली ही रचना: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून गणिताने भरले जातात. त्यात फोनचे पिक्सेल एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान. उत्तम भिंगानेही एफ १.८ ला, म्हणजे भिंगाचं तोंड बरंच उघडं असताना, प्रकाशाचा बिंदू सुमारे २.४ मायक्रॉनच्या चकतीएवढा पसरतो. एकच चकती अनेक पिक्सेलवर सांडते, म्हणून पिक्सेल वाढले तरी तपशील त्या प्रमाणात वाढत नाही. अशा सेन्सरचे बहुतेक फोन एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि अंधारात तो बहुधा जास्त स्वच्छ असतो.

याची परीक्षा मुंबईत फुकट घेता येते. महापालिकेच्या इमारतीसमोरून सीएसएमटीचा फोटो काढा. मुख्य घुमटावर 'प्रगती'चा पुतळा आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात आऱ्यांचं चाक. फोटो शंभर टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर येईल असा उघडा आणि ते चाक शोधा. आरे सुटे मोजता आले तर तुमच्याकडे तपशील आहे. चाकाच्या जागी करडा गोळा दिसला, तर फाइल कितीही मेगापिक्सेलची असो, तेवढ्या भागात माहितीच नाही. या संस्थांमधले फोटो तपासणारेही असेच शंभर टक्क्यांवर बघतात. फोकस, नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके), हात हलल्याची पुसट रेघ सगळं तिथे उघडं पडतं.

आरे दिसत नसतील तर सॉफ्टवेअरने फोटो मोठा करून ते येत नाहीत. साधी पद्धत शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढते. एआय दिसायला सुंदर आरे काढून देईल, पण ते त्या चाकाचे नसतील. एखाद्या वास्तूच्या फोटोत ही मला फसवणूकच वाटते. अडोबी स्टॉकही फोटो वाढवून पाठवू नका असंच सांगते.

क्रॉप करतानाही हिशेब ठेवा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की उरतात ३ मेगापिक्सेल, म्हणजे उंबरठ्याच्या खाली. फोनचा दुप्पट डिजिटल झूम हेच करतो. काही फोन नंतर फाइल पुन्हा फुगवतात, म्हणून आकड्यावरून ते कळतही नाही. आणि मित्राने काढलेला फोटो मागवायचा असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेतच लहान होतो, आणि मूळ फाइल त्याच्या फोनमधून डिलीट झाली की ते पिक्सेल कायमचे गेले.