गुगल बिझनेस प्रोफाइल आणि गुगल अ‍ॅड्स: नकाशावर यायला पैसे कशाला देताय?

कुणी नवं दुकान टाकलं की हा प्रश्न ठरलेला, "गुगलवर यायला किती खर्च येतो हो?" आणि अडचण अशी की ह्याची उत्तरं दोन आहेत. एक शून्य रुपये, दुसरं तुम्ही ठरवाल तेवढे. शून्य रुपयेवालं म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे सर्चमध्ये आणि नकाशावर दिसणारी तुमच्या दुकानाची नोंद, २०२१ पर्यंत त्याला गुगल माय बिझनेस म्हणायचे आणि अजून बरेच जण जीएमबीच म्हणतात. पैसेवालं म्हणजे गुगल अ‍ॅड्स, म्हणजे गुगलवरच्या जाहिराती, २०१८ च्या आधीचं अ‍ॅडवर्ड्स. दोन्ही एकाच कंपनीचं, दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसतंय, म्हणून लोकांना ते एकच वाटतं आणि जे फुकट आहे त्यालाच पैसे मोजले जातात.

फोनवरच बघा की. कोल्हापुरात रंकाळ्यावर उभं राहून 'तांबडा पांढरा रस्सा निअर मी' टाका. वर एखाद्या नावाजवळ 'स्पॉन्सर्ड' असं दिसलं तर ती जाहिरात, तिच्यावर क्लिक केलं की त्या हॉटेलवाल्याचे पैसे कटले. त्याच्या आसपास नकाशा असतो आणि नकाशाला लागून साधारण तीन हॉटेलं, चांदण्या, किती वाजेपर्यंत उघडं, फोनचं बटण, डायरेक्शन. ही प्रोफाइलवाली मंडळी. इथं तुम्ही दिवसभर क्लिक करत बसा, मालकाचा एक रुपया जात नाही. कधीकधी नकाशातसुद्धा एखादं स्पॉन्सर्ड घुसतंय, त्याचं कारण पुढं येईलच.

आता त्या तिघांत नंबर कसा लागतो? गुगलनं स्वतः तीन गोष्टी सांगितल्यात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे. आणि हेही स्पष्ट सांगितलंय की पैसे देऊन हा नंबर वर नेता येत नाही. म्हणून "तुमचं दुकान गुगलच्या पहिल्या पानावर आणतो, वर्षाचे एवढे द्या" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. अंतराचं तर काहीच करता येत नाही, गांधीनगरातलं कापडाचं दुकान महाद्वार रोडवर उभं राहून शोधणाऱ्याला वर दिसेलच असं नाही, ते कितीही भारी असलं तरी.

पण बाकीचं बरंच तुमच्या हातात आहे आणि तिथंच लोक लई आळस करतात. कॅटेगरी नेमकी निवडा, चप्पल विकत असाल तर नुसतं 'स्टोअर' टाकून भागत नाही, 'शू स्टोअर' पाहिजे. नाव तेच टाका जे पाटीवर आहे, 'बेस्ट ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल इन कोल्हापूर' असली शेपूट लावली की प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतंय आणि मग रडत बसायची पाळी. वेळा खऱ्या ठेवा. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी लोटते, तेव्हा तुम्ही रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवता पण गुगलवर आठलाच 'क्लोज्ड' दिसतं, मग गिऱ्हाईक शेजारच्याकडं जाणारच. स्पेशल अवर्स म्हणून सोय आहे, दोन मिनिटांचं काम. रिव्ह्यू मागा, बिनधास्त मागा, पण "रिव्ह्यू टाका, दहा टक्के सूट घ्या" हे नियमात बसत नाही. आणि वाईट रिव्ह्यू आला की भांडू नका, नीट उत्तर द्या, ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार असतंय.

व्हेरिफिकेशनला, म्हणजे दुकान खरंच तुमचं आहे ह्याची गुगल खात्री करतं त्याला, लोक उगाच घाबरतात. हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: रस्ता आणि आजूबाजूची दुकानं, मग तुमची पाटी, मग आत जाऊन माल, आणि मालक तुम्हीच आहात हे कळेल असं काहीतरी, म्हणजे किल्लीनं शटर उघडताना किंवा गल्ला उघडताना. किमान तीस सेकंद, मध्ये कट न करता. पाटी नसेल तर आधी पाटी लावा मग व्हिडिओ काढा.

अ‍ॅड्सचा कारभार पूर्ण वेगळा. तिथं लिलाव असतो, प्रत्येक सर्चला नव्यानं. तुम्ही किती बोली लावली ह्याबरोबर तुमची जाहिरात आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का हेही बघितलं जातं, म्हणजे नुसता पैसा ओतून जमत नाही. सर्चच्या जाहिरातीत साधारणपणे क्लिकला पैसे जातात, दिसण्याला नाही. दिवसाचं बजेट ३०० रुपये टाकलं म्हणजे रोज बरोबर ३०० कटतील असं समजू नका, एखाद्या दिवशी दुप्पट म्हणजे ६०० पर्यंत जाऊ शकतात, पण महिन्याचा हिशोब दिवसाच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या (महिन्याचे सरासरी दिवस तेवढेच) वर जात नाही, म्हणजे ९,१२० रुपये. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. हे आधी माहीत असलं की पहिल्या आठवड्यात घाबरून बंद करायची वेळ येत नाही.

पैसे खरे वाया जातात ते कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची ते शब्द निवडण्यात. समजा तुम्ही कांदा-लसूण मसाला विकताय आणि 'कोल्हापुरी मसाला' हा शब्द ब्रॉड मॅचवर टाकला, म्हणजे त्याच्याशी संबंधित दुसऱ्या शोधांनाही जाहिरात दाखवायची मुभा गुगलला दिली. चार दिवसांनी 'सर्च टर्म्स' उघडून बघा, लोकांनी खरोखर काय टाईप केल्यावर तुमची जाहिरात दिसली ते बरंचसं तिथं ओळीनं असतं. त्यात 'कोल्हापुरी मसाला रेसिपी' निघणार, 'कोल्हापुरी चिकन कसं करायचं' निघणार, म्हणजे घरीच मसाला कुटायला बसलेल्या माणसाच्या क्लिकचे पैसे तुम्ही भरले. असले शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे 'हे शब्द असले तर जाहिरात दाखवू नका' ह्या यादीत टाकायचे: रेसिपी, कसा बनवायचा, जॉब, फ्री. मराठीत पण आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण, कारण लोक दोन्हीत टाईप करतात. हे काम दर आठवड्याला करायचं असतंय, माझ्या मते अ‍ॅड्समधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आणि कुणी करत नाही.

लोकेशनचंही तसंच. कोल्हापूर निवडलं की सुरुवातीच्या सेटिंगमध्ये कोल्हापुरात असलेले लोक येतात आणि कोल्हापुरात 'इंटरेस्ट' असलेले पण. लॉज चालवत असाल तर हे उत्तम, पुण्यात बसून अंबाबाई आणि जोतिबाचा बेत आखणारा माणूस तुम्हाला पाहिजेच आहे. पण राजारामपुरीत एसी रिपेअरचं काम करत असाल तर ते बदलून फक्त 'प्रेझेन्स' ठेवा, म्हणजे तिथं असलेलेच लोक.

मग कुणी काय करायचं? चप्पल लाईनीत दुकान आहे, मिसळ आहे, सलून आहे, गिऱ्हाईक चालत येतंय, तर आधी प्रोफाइल, आणि ते नीट भरून रिव्ह्यू यायला लागेपर्यंत अ‍ॅड्सच्या नादी लागू नका. जाहिरात बघून आलेला माणूसही शेवटी तुमच्या चांदण्या बघतोच. ज्याला पुण्या-मुंबईच्या किंवा बाहेरदेशीच्या माणसाला चप्पल विकायचीय त्याला मात्र प्रोफाइल फार पुरं पडत नाही, तिथं अ‍ॅड्स लागतात आणि ऑर्डर घेता येईल असं पान पण लागतं. घरी मसाला करून फक्त कुरिअरनं पाठवणाऱ्या ताईंचं वेगळंच, गिऱ्हाइकाशी समोरासमोर गाठ पडत नसेल तर तो धंदा प्रोफाइलच्या नियमात बसतच नाही. पण शहरात स्वतः घरपोच देत असाल तर 'सर्व्हिस एरिया' टाकून घरचा पत्ता लपवता येतो, ही सोय बायकांना सांगितलीच पाहिजे, घरचा पत्ता उघड होईल म्हणून कितीतरी जणी नोंदच करत नाहीत.

आणि दोन्ही असतील तर प्रोफाइल अ‍ॅड्सच्या खात्याला जोडता येतं, मग जाहिरातीखाली पत्ता दिसतो आणि नकाशातही तुम्ही स्पॉन्सर्ड म्हणून येऊ शकता. वर म्हटलं होतं ते कोडं हेच.

शेवटचं, आणि ह्याचा मला खरंच राग येतो. पोरगं येतं, दोन-तीन हजार घेतं, स्वतःच्या जीमेलवरून प्रोफाइल बनवून देतं आणि नंतर फोन उचलत नाही. म्हणजे दुकान तुमचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. वर्षांचे रिव्ह्यू साठलेले असतात आणि फोन नंबर बदलायचा म्हटलं तरी त्याच्या पाया पडावं लागतं. आजच बघा: दुकानाच्या जीमेलवरून लॉगिन करा, गुगलवर स्वतःच्या दुकानाचं नाव टाका, प्रोफाइलच्या तीन टिंबांतून बिझनेस प्रोफाइल सेटिंग्ज, तिथं 'पीपल अँड अ‍ॅक्सेस'. 'प्रायमरी ओनर' पुढं तुमचंच नाव पाहिजे. काम करणाऱ्याला 'मॅनेजर' करा, तेवढ्यात त्याचं सगळं भागतं. आणि लॉगिन केल्यावर ते सेटिंगच दिसत नसेल तर मॅप्सवर दुकान उघडून 'क्लेम धिस बिझनेस' करून अ‍ॅक्सेसची रिक्वेस्ट टाका, सध्याच्या मालकाला मेल जातो, त्यानं ठरलेल्या दिवसांत उत्तरच दिलं नाही तर बऱ्याचदा स्वतः व्हेरिफाय करून प्रोफाइल ताब्यात घ्यायचा पर्याय मिळतो.