दवाखान्यात वारंवार येणारे रुग्ण आणि नैराश्य

वर्षभर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा फॅमिली डॉक्टरच्या खेपा घालणाऱ्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतर रुग्णांपेक्षा बरेच जास्त आढळते. किती खेपा म्हणजे ‘वारंवार’, यावर एकमत नाही. वेन केटन आणि सहकाऱ्यांच्या १९९० मधील अमेरिकी अभ्यासाने सर्वाधिक सेवा वापरणारे १० टक्के रुग्ण घेतले. प्राथमिक सेवेतल्या एकूण भेटींपैकी २९ टक्के भेटी या गटाच्याच होत्या. त्यांतल्या निम्म्या रुग्णांमध्ये मानसिक ताण दिसला आणि अशा ज्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांच्यापैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला त्या वेळी तीव्र नैराश्य होते.

तरी निदान हुकते, कारण तक्रार शरीराची असते. आपल्याकडच्या ओपीडीत बाई सांगतात, “अंगात त्राण नाही, डोकं जड होतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.” केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहिला जातो, लोहाच्या नि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळतात, आग्रह धरला तर सलाईन. रक्त खरेच कमी असेल तर गोळ्या योग्यच. पण पुढच्या खेपेला केसपेपर नवा, बहुधा डॉक्टरही नवा, त्यामुळे हीच तक्रार पाचव्यांदा आली आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. रुग्ण मनातले लपवतो, हा समजही फारसा खरा नाही. बंगळूरसह १५ केंद्रांतल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (१९९९) नैराश्याच्या ६९ टक्के रुग्णांनी केवळ शारीरिक त्रास सांगितला होता. थेट विचारल्यावर मानसिक लक्षणे नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. विचारण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची सोपी चाचणी आहे.

अर्थात खेपा घालणारा प्रत्येक जण निराश नसतो. मधुमेह, हृदयविकार, जुनाट दुखणी यांनी खेपाही वाढतात आणि नैराश्यही.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने २४ दवाखान्यांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमून पाहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत रुग्ण अधिक संख्येने सुधारले, खासगी डॉक्टरांकडे मात्र फरक पडला नाही. खासगीत एकच डॉक्टर आधीपासूनच घरादाराला ओळखत असल्याचा तो परिणाम असावा.

उपचारांनी खेपा आणि खर्च घटतील, ही प्रशासकांची आवडती अपेक्षा. अमेरिकेत वारंवार येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांवर २००० च्या सुमारास झालेल्या चाचणीत नैराश्य कमी झाले, खर्च वाढला.